अंगठ्याची शिकवणी

कोपऱ्यावरचे औषधवाले पंचवीस वर्षं गिटार वाजवत होते. म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या पट्टीने तारा खसाखसा खाजवत होते. मित्रांच्या गाण्यामागे तेवढं पुरायचं. पण पन्नाशी ओलांडल्यावर मोबाइलवर त्यांनी एक बाई पाहिली. तिचा अंगठा जाड तारांवर संथ ठेका धरत होता आणि उरलेली बोटं बारीक तारांवर चाल वाजवत होती. बाई एकटीच, पण वाटावं दोघं वाजवताहेत. औषधवाल्यांना राहवेना. पट्टी ड्रॉवरमध्ये टाकून त्यांनी हे आपलं आपण शिकायचं ठरवलं.

अंगठा मात्र कुणाचं ऐकेना. बोटं चालीवर निघाली की हाही धाकट्या भावंडासारखा त्यांच्या मागे धावे. सराव म्हणून ते दुकानात काउंटरवर अंगठा आपटू लागले. गिऱ्हाइकांना वाटे, मालक वैतागलेत. एक आजोबा तर खोकल्याचं औषध न घेताच सटकले.

"दुकान बुडवाल एक दिवस," बायको म्हणाली. "आणि आधी ती तारांसाठी वाढवलेली नखं कापा. टॉवेलचे धागे निघतात."

खुब्याचं हाड मोडल्यामुळे सासूबाई तेव्हा लेकीकडेच होत्या. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. त्यांची खाट आणि जावयाची खुर्ची यांच्यामध्ये एक पातळ भिंत. पंधरा दिवस त्यांनी कळ काढली. सोळाव्या दिवशी हाक आली.

"जावईबापू, जरा इकडे या. ते घेऊनच या."

माफी मागायच्या तयारीने ते गेले.

"चुकलात की थांबता, आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिली ओळ मलासुद्धा पाठ झाली. पुढे काय आहे ते तरी कळू द्या!"

"आई, अंगठाच अडतो हो."

"मग त्याला एकट्याला चालवा. नव्या मुलींना मी आठवडाभर नुसतं मशीनचं पायडल मारायला लावायचे, दोरा न ओवता. पाय आपसूक चालायला लागला, की मगच हातात कापड."

आठ दिवस घरात नुसतं ढुम ढुम. सासूबाई खाटेवर काठीने ठेका धरायच्या. बायकोने खिडक्या लावून घेतल्या. नवव्या दिवशी एका बोटाला परवानगी मिळाली. "एकच सूर हं!" डॉक्टरांच्या चिठ्ठीतली चूक काढणारे औषधवाले मान खाली घालून "हो आई" म्हणाले.

दोन महिन्यांनी एका रविवारी मेहुणी आईला न्यायला आली. औषधवाले वाजवायला बसले. मध्येच बोट घसरलं, दोन सूर गेले, कान लाल झाले. पण अंगठा चालतच राहिला, आणि बोटांनी धावत जाऊन त्याला गाठलं. पहिल्यांदाच चाल शेवटापर्यंत पोचली.

"छान सुरात लागली गिटार," मेहुणी म्हणाली. "आता गाणं वाजवा ना."

औषधवाल्यांचा चेहरा उतरला. सासूबाईंनी धाकट्या लेकीकडे रोखून पाहिलं.

"माझी पिशवी खाली ठेव," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात ये. यांचं दुसरं गाणं अजून कच्चं आहे."

बायकोने कपाळाला हात लावला.