उजवा मुंढा

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात कटिंग मास्तरांचं टेबल सगळ्यात लांब आणि मास्तरांचं तोंड सगळ्यात बंद. चाळीस थर कापड एकावर एक अंथरायचं, वर खडूनं आखायचं आणि विजेच्या कटरनं एका दमात कापायचं. एक चूक म्हणजे चाळीस चुका. हे काम मास्तर बावीस वर्षं करत होते, आणि त्यातली शेवटची तीन वर्षं दुखरा खांदा घेऊन.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "नस दबलीय. धोका काही नाही, पण दुखणं अधूनमधून राहील." मास्तरांनी त्यातलं 'राहील' तेवढं ऐकलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं झालं. खांद्यात जरा चमक आली की छाती धडधडायची, तळहात ओले व्हायचे. हात गेला, टेबल गेलं, आता घरी बसायचं, एवढंच डोक्यात. पण कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायकोनं विचारलं तर म्हणायचे, "झोप नीट झाली नाही." रोज झोप नीट न होणारा हा एकच नवरा असावा.

त्या दिवशी शिवणीच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवरच्या ताई रजेवर होत्या. त्यांच्या मशीनवर काज-बटणवाल्या काकू बसल्या. दुपारी त्या हातात शर्ट घेऊन टेबलाशी आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर, उजवी बाही बसत नाही हो!"

मास्तरांनी तुकडा नमुन्यावर ठेवला. बाही जिथे जोडतात त्या मुंढ्याच्या वळणावर गव्हाच्या दाण्याएवढं कापड जादा. दुसरा तुकडा घेतला. तेच. गठ्ठाच सोडला. सगळे उजवे मुंढे तसेच, डावे मात्र बिनचूक. मागच्या आठवड्याचा, अजून न शिवलेला गठ्ठा काढला, तर तोही तसाच.

मास्तरांचा श्वास अडला, बोटांना मुंग्या आल्या. मरतोय आपण, इथेच, सगळ्यांसमोर, असं वाटून ते कापडाच्या ताग्यावर मटकन बसले.

मालकीणबाई धावत आल्या. पाणी दिलं आणि शेजारीच टेकल्या. "आधी श्वास सोडा. घेऊ नका, सोडा. हळू."

मास्तर हळूहळू श्वास सोडत म्हणाले, "बाई, माझा हात गेला. उद्यापासून दुसरा माणूस बघा."

"हात कुठे गेला? ते वळण आलं की दुखायच्या आधीच तुम्ही कोपर आवरता, कटर रेषेबाहेर सरकतो. वर्ष झालं, बघतेय मी."

"वर्ष?"

"ओव्हरलॉकचं पातं शिवताना कडेचं कापड छाटतंच. ताईंना मी सांगितलं, उजव्या मुंढ्याला थोडं जास्त छाटा. आज काकूंना सांगायचं राहिलं, एवढंच."

मास्तरांना राग आला, लाज वाटली, दोन्ही एकदमच. "मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर डाव्या मुंढ्यालाही घाबरला असतात."

काकू फिस्सकन हसल्या आणि तोंडावर हात धरला. मास्तरांना हसू आलं नाही. ज्या दिवसाचा रोज सकाळी धसका घ्यायचे, तो दिवस वर्षापूर्वीच येऊन गेला होता. मालकीणबाईंना कळलं होतं, ताईंनाही कळलं होतं. आणि त्या दिवशीही त्यांनी डबा खाऊन, हात धुऊन, चाळीस थर कापले होते.

"नक्की कुठे दुखतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी सवयीनं 'कुठे काय' म्हणायला तोंड उघडलं. मग डावा हात उचलला आणि उजव्या खांद्यामागे, पाठीच्या फऱ्याच्या वर, बोट ठेवलं.

"इथे," ते म्हणाले, आणि रडायला लागले.