स्वयंपाकघरातलं कॅलेंडर

वैजू गेल्याचा फोन तिच्या नवऱ्याचा, प्रमोदरावांचा आला. मी सहावीच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. "वैजयंती गेली हो मॅडम, पहाटे," एवढं बोलून त्यांनी श्वास घेतला, आणि लगेच पुढचं वाक्य म्हणाले, "फार सोसलं तिनं, पण कधी तोंडातून ब्र काढला नाही." फोन ठेवून मी रडले आणि रडता रडताच मला राग आला. त्याला आता सात आठवडे झाले, राग आहे तिथंच आहे. ज्यांनी वैजूला पाहिलेलं नाही त्यांनी ते वाक्य खरं मानू नये, म्हणून हे लिहिते आहे. वैजूनं ब्र काढला होता. लाल पेनानं, ठळक अक्षरांत, सासूच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर काढला होता.

सोलापुरात एकाच शाळेत आम्ही चौदा वर्षं शिकवलं, ती गणित आणि मी मराठी. ती माळशिरसच्या मास्तरांची मुलगी, मी सांगोल्याकडची, मेंढरांच्या घरातली. तिला दिलं होतं पेठेतल्या एका देवळाची पूजाअर्चा सांभाळणाऱ्या घरात. पाळीच्या दिवसांत ती फळ्याला पाठ टेकून शिकवायची, ओठ पांढरे पडलेले असायचे. "मूल झालं की थांबेल," असं सगळे सांगायचे. त्या दुखण्यापायीच मूल होत नसावं, हे फार उशिरा कळलं. डॉक्टरीणबाईंनी तिला एन्डोमेट्रिओसिस हे नाव सांगितलं, गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेरही वाढतं आणि दर महिन्याला तिथं सूज येते, असं समजावलं. त्या दिवशी ती शाळेत पेढे घेऊन आली. म्हणाली, "मी नाटकी नाही गं. माझ्या नाटकाला नाव आहे."

आधी गोळ्या सुरू झाल्या. त्यामुळं रोज थोडं थोडं रक्त दिसायला लागलं. तिच्या घरात पाळीला बाजूला बसायची रीत. देवाचा नैवेद्य सोवळ्यातला, म्हणून सासूबाई सुनेच्या पाळीच्या तारखेला कॅलेंडरवर कुंकवाचा ठिपका द्यायच्या, म्हणजे पुढच्या महिन्यात कुठल्या चार दिवसांत तिच्या हातचा स्वयंपाक नाही ते आधी कळे. त्या गोळ्यांच्या पायी वैजू सलग एकोणीस दिवस मागच्या खोलीत होती, वेगळं ताट, वेगळा तांब्या. तिथून उठून ती शाळेत यायची. तिचा पगार मात्र विटाळत नव्हता. आमच्याकडं एखादी मेंढी खायची थांबली तर माझा बाप कामं टाकून तिच्यापाशी बसायचा. हे मी एकदा प्रमोदरावांना ऐकवलं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्या माणसाचा हात धरणारं कुणी नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलून दर अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन सुरू केलं. यानं पाळी थांबेल, ती थांबावी म्हणूनच हे आहे, पाळी जायच्या वयात येतो तसा घाम येईल, सांधे दुखतील, असं त्यांनी नवरा-बायको दोघांना समोर बसवून सांगितलं. "आईंना तुम्ही सांगा," वैजू नवऱ्याला म्हणाली. ते हो म्हणाले आणि सांगितलं नाही. इकडे तिचं वजन वाढलं, मळमळायला लागलं, बसल्या जागी डोळे भरून यायला लागले. दोन महिने कॅलेंडरवर ठिपका नाही. सासूबाईंनी त्यांचा हिशोब केला आणि चैत्राच्या हळदीकुंकवाला, आंब्याची डाळ आणि पन्हं घ्यायला जमलेल्या बायकांसमोर, सुनेला न विचारता तिची ओटी भरली. मी तिथं होते. "ठिपका नाही की दोन महिने. मला काय कळत नाही होय?" त्या शेजारणीला सांगत होत्या. वैजू पदरात नारळ धरून उभी होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती तिच्या...

"आई, दिवस गेलेले नाहीत. इंजेक्शननं पाळी थांबवलीय. ह्यांना सांगायला सांगितलं होतं."

सासूबाई म्हणाल्या, "मग मला चारचौघींत तोंडघशी पाडायचं होतं होय?" प्रमोदराव दारात होते. ते पन्ह्याचे रिकामे पेले गोळा करायला लागले.

होणारा त्रास रोज लिहून ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. वैजूनं वही केलीही होती, पण कुणाच्या हाती लागेल म्हणून प्रमोदरावांनी ती कपाटात टाकायला लावलेली. ओटीच्या दुसऱ्या दिवशी तिनं लाल पेन घेतलं आणि थेट स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला लागली. मला म्हणाली, "जिथं माझी पाळी टांगली होती, तिथंच आता माझा घाम टांगते." त्या चौकोनांत काय काय होतं... 'घाम अकरा वेळा, झोप तीन तास.' 'गुडघे. जिन्यात बसून राहिले.' 'सतराच्या पाढ्यात अडकले, वर्ग बघत होता.' 'आज प्रमोदवर विनाकारण ओरडले. विनाकारण नव्हतं.' प्रसादाला येणारी माणसं ते वाचायची. "पाहुणे वाचतात की गं," सासूबाई म्हणाल्या. "ठिपके पण वाचतच होते की," वैजू म्हणाली.

महिना संपला की त्या पानाचा फोटो ती डॉक्टरीणबाईंना दाखवायची. तो बघूनच त्यांनी जोडीला एक हलकी गोळी आणि हाडांसाठी दुसरं औषध दिलं. सोलापूरच्या उन्हात ती स्टीलच्या डब्यात ओला नॅपकिन घेऊन यायची आणि तो मानेला गुंडाळून अपूर्णांक शिकवायची. सकाळी आम्ही तलावाला फेऱ्या मारायचो. ऑगस्टच्या पानावर घाम चारवर आला होता. दुखणं तर जवळजवळ गेलंच होतं. आणि मग ऑक्टोबरात डेंगू झाला, पाच दिवसांत सगळं आटोपलं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सासूबाई सांगत होत्या, "ती इंजेक्शनं बाधली हो." इंजेक्शनाचा काही संबंध नाही, असं दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलेलं. मी चिडले की माझी सांगोल्याची भाषा बाहेर येते. भरल्या घरात म्हणाले, "डास चावला तिला. इंजेक्शननं ती बरी होत हुती. तुमी तिला कवा बरं वाटू दिलं न्हाय." कुणीतरी मला पाणी दिलं. मी प्यायले नाही.

एक नोव्हेंबरला मी मुद्दाम त्या घरी गेले. सासूबाई एकादशी बघायला कॅलेंडरपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्यासमोर पान उलटलं आणि थांबल्या. वैजूनं डिसेंबरपर्यंतच्या इंजेक्शनच्या तारखा आधीच भरून ठेवल्या होत्या. चौकोनात लाल अक्षर होतं, 'इंजेक्शन. तीन दिवस घाम येणार. पंखा माझा.' त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"फाडून टाकावं म्हणते," त्या म्हणाल्या.

"फाडा की. मग एकादशी कशात बघणार?"

"दुसरं मिळेल की बाजारात."

"आता पुढच्या सालाचीच मिळतात," मी म्हणाले.

त्यांनी पान फाडलं नाही. मी मागची पानं चाळली. जूनच्या एका चौकोनात माझं नाव होतं. शाळा उघडली तेव्हा पंख्याखालची खुर्ची कुणाला यावरून वाद झाला होता आणि मी काहीतरी बोलून गेले होते, ते मी साफ विसरले होते. ती विसरली नव्हती. 'शोभा म्हणाली, पाळी जाताना आमच्या आईला पण झालं, सगळ्यांनाच होतं की.' त्यापुढं काही नाही, नुसता पूर्णविराम.

पुढच्या सालाचं कॅलेंडर मी आणलं आहे. दर अठ्ठाविसाव्या दिवशी लाल पेनानं तिचे शब्द त्यात उतरवले आहेत, तिच्यासारखंच ठळक. एक जानेवारीला जाऊन ते त्याच खिळ्याला लावणार आहे. प्रमोदराव मान डोलावतील. जूनच्या चौकोनात माझं वाक्य आहे, माझ्या नावासकट.