आखुनीचा वास

कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या खाली, आधी झेरॉक्सचं दुकान होतं त्या गाळ्यात, नागालँडच्या एका बाईंनी छोटं रेस्टॉरंट उघडलं. निवृत्त झाल्यापासून बाबांचं नव्या पाट्यांवर बारीक लक्ष असतं. रविवारी ते म्हणाले, "चला, बघू तरी काय देतात." आईने नाही म्हटलं नाही. मी तर तेव्हा कशालाच नाही म्हणत नव्हते.

मला वास येणं बंद होऊन आठ महिने झाले होते. ताप आला आणि गेला, त्याच्याबरोबर वासही गेला. खारट, गोड, तिखट एवढंच जिभेला कळायचं. त्यापलीकडे आमटी काय आणि रस्सा काय, सगळं एकच. आठवड्याभरात परत येईल म्हणून घरी बोलले नाही. पण आजारातून उठल्यावर आई रोज माझ्या आवडीचं करायला लागली. खोबरं भाजायची, मसाला वाटायची, आणि ताट वाढलं की समोर उभी राहायची, कसं झालंय विचारत. मग सांगायचं राहूनच गेलं.

निभावणं अवघड नव्हतं. वाटीत कढीपत्ता दिसला की फोडणीचं कौतुक करायचं. भाकरीवर काळे डाग असले की खमंग म्हणायचं. शाळा इंग्रजी, त्यामुळे चवीचे शब्द माझ्याकडे थोडेच. 'खमंग' आईचा, तो तिलाच परत द्यायचे. ओळखीच्या पदार्थाचं बरं असतं, चव आठवून सांगता येते. खोटं बोलतेय असं वाटायचं नाही. काहीच वाटायचं नाही.

इथलं मेनूकार्ड मात्र सगळंच अनोळखी. बाबांनी एका ओळीवर बोट ठेवून आखुनी घातलेलं चिकन मागवलं. आखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, एवढंच खाली लिहिलं होतं. झाकण ठेवलेला वाडगा आला. बाईंनी झाकण उचललं तेव्हा मी पेपर नॅपकिन उलगडत होते, त्यामुळे आईबाबांचे चेहरे बघायचे राहिले. सवयीने म्हणाले, "वा, काय मस्त वास येतोय."

वर पाहिलं तर बाबा खुर्चीत मागे सरकलेले आणि आईने ओढणी नाकाला लावलेली.

मग बाबा हसले. "घ्या! टोमणे मारायला लागली. शोभतेस पुण्याची."

बाईंना मराठी कळलं नसावं. त्याही हसल्या आणि आत गेल्या. आई हसली नाही.

"कसला वास येतोय?"

"म्हणजे?"

"सांग ना, कसला?"

मी वाडग्यात पाहिलं. तपकिरी रस्सा, लाल मिरच्या, पिवळसर तुकडे. "आल्याचा."

"परवा वांगी तळाला लागली होती," आई म्हणाली. "घरभर करपट वास. तू म्हणालीस, छान झालीयेत. मला वाटलं, माझं मन राखतेस."

"अगं, आत्ता वांगी कुठून आली?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही थांबा हो जरा." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "कधीपासून?"

"तापापासून."

तिने ओढणी नाकावरून काढली. "आणि मी वेडी रोज विचारत बसले."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी टेबलावर ग्लासचा ओला गोल उमटला होता तो बघत होते. कडेने तो सुकायला लागला होता.

बाबांनी भातावर रस्सा घेतला, खाल्ला, पुन्हा घेतला. "नाक सोडलं तर उत्तम आहे," म्हणाले आणि चपापून माझ्याकडे बघायला लागले.

आईने माझ्या ताटात भात वाढला, वर दोन चमचे रस्सा. मी घास घेतला.

"आता खरं सांग. कसं आहे?"

आठवून सांगण्यासारखं काही नव्हतं.

"गरम आहे. सोयाबीन मऊ आहे, जिभेवर पिठासारखं लागतं. तिखट मागून येतं. मीठ बरोबर आहे. बाकी काही कळत नाही."

"मीठ मला जरा जास्त वाटतंय," बाबा म्हणाले.

"तुम्हाला विचारलेलं नाही," आई म्हणाली, आणि माझा पुढचा घास होईपर्यंत थांबली.