फाउंडेशनमधलं रबर

आमच्या घराचं फाउंडेशन रबराचं आहे, हे मला एका मंगळवारी दुपारी फोनवर कळलं.

घर अजून पुरतं उभंही नव्हतं. आम्ही राहायचो गारखेड्यात भाड्यानं आणि करमाडजवळच्या प्लॉटवर आमचं बांधकाम चाललं होतं. कॉलम उभे होते, स्लॅब दोन दिवसांवर आला होता. ठेकेदार विठ्ठलराव भला माणूस, पण फोन करायचा तो हाताशी लागेल त्या मजुराच्या मोबाइलवरून. त्यामुळं अनोळखी नंबर दिसला की मी समजायचो, प्लॉटवरचाच फोन!

त्या दुपारीही तसाच नंबर. मागं ठाकठूक, घरघर.

"साहेब, फाउंडेशन गेलंय."

माझ्या हातातला चहा लेंग्यावर गेला. "गेलंय म्हणजे?"

"पार बसलंय. म्हणून तर सगळं थरथरतंय. तुमाला आत बसल्यावर जाणवलं नाय का?"

(आत बसायला आत होतं काय? बारा कॉलम आणि एक कुत्रं!)

"अहो, पण कशानं गेलं?"

"रबर फाटलंय ना, साहेब!"

"फाउंडेशनमध्ये रबर घातलंय?"

"मग काय घालतेत? रबरच असतंय की! तीन हायेत, तिन्ही बदलून टाकू. वरचं सगळं जॅकवर उचलतो, जुनं काढतो, नवं सरकवतो. दोन घंट्यांत काम खलास. वरिजिनल टाकू का लोकल?"

"कशालाही हात लावू नका!" मी ओरडलो.

"व्हय साहेब, वरिजिनल टाकतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मागच्या घरघरीत त्याला काय ऐकू आलं, देव जाणे.

बायको, मेधा, स्वयंपाकघरातून धावत आली. पाठोपाठ माझे सासरे, नाना. ते पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. धरण सोडून कुठल्याच बांधकामाला ते बांधकाम म्हणत नाहीत. सगळं ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"जावईबापू, छत्तीस वर्षांत मी माती खाणारे पाहिले, सिमेंट खाणारे पाहिले. रबर घालणारा हा पहिलाच!"

आमची गाडी सकाळीच मुकुंदवाडीच्या गॅरेजमध्ये टाकली होती, म्हणून रिक्षा केली. करमाड येईपर्यंत मेधा एकच वाक्य म्हणत होती, "अहो, तरी तीन कसे? कॉलम तर बारा आहेत!" इतका साधा हिशोब माझ्या डोक्यात शिरला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

विठ्ठलराव मजुरांबरोबर भाकरी खात बसले होते. मी रिक्षातून उतरता उतरताच गरजलो, "विठ्ठलराव, रबर कुठंय?"

"कसलं रबर, सर?"

"फाउंडेशनमधलं! आणि जॅक कुठं लपवलाय?"

तोवर नाना एका कॉलमला कान लावून उभे. "हालतोय!" त्यांनी जाहीर केलं.

"नाना, तुम्ही हालताय," मेधा म्हणाली.

विठ्ठलरावांच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "सर, वीस वर्षं झाली मला या धंद्यात. आजवर असं कुणी बोललं नाय! खोदा रे हा कोपरा! रबराचा येवढासा तुकडा जरी निघाला, तरी मी मिशी काढतो. आन नाय निघाला तर सरांनी काढायची!"

(मिशी मलाही होती.)

खणायला सुरुवात झाली. कंबरेएवढा खड्डा झाला, तसा मी स्वतः आत उतरलो आणि हातानं माती उकरू लागलो. खाली काँक्रीट लागलं. इतकं पक्कं की माझं नखच तुटलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तोच नंबर! हात मातीनं भरलेले, म्हणून मेधानं वाकून फोन काढला आणि स्पीकरवर लावला.

"साहेब, रफिक बोलतो. फाउंडेशन टाकलं, आता जरा बी थरथरत नाय. गाडी घिऊन जा."

"गा... गाडी?"

"तुमचीच की! इंजिनाखालचं रबर फाटलं होतं ना. त्यालाच आमी फाउंडेशन म्हणतो."

खड्ड्याच्या काठावर विठ्ठलराव, पाच मजूर, रिक्षावाला आणि मेधा. आधी रिक्षावाला हसला. मग कुणीच थांबेना. नाना मात्र कॉलमवरून हात फिरवत म्हणाले, "मी म्हणतच होतो, काम चांगलं आहे!"

विठ्ठलरावांनी डोळे पुसले आणि फावडं माझ्या हातात दिलं. "सर, मिशी राहू द्या. खड्डा तेवढा बुजवा."

बुजवला. दुसऱ्या दिवशी हात वर होत नव्हते, पण गाड्यांच्या भाषेतलं आपल्याला आता सगळं कळतं, असा ताठा मात्र आला.

पंधरा दिवसांनी गाडी परत गॅरेजमध्ये होती. अनोळखी नंबरवरून फोन आला. "सर, कॅप बसवायचीय. साधी बसवू की भारीतली?"

या वेळी मी अजिबात गडबडलो नाही. जाणकाराच्या आवाजात म्हणालो, "साधीच बसवा. मॉडेल फार जुनं आहे हो, आता असं कितीसं चालणार?"

पलीकडं फोन स्पीकरवर होता. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतून, अर्धं तोंड बधिर झालेल्या माझ्या सासऱ्यांचा आवाज आला, "जावईबापू, मॉडेल ऐकतंय!"