सरकारतर्फे माफी

या देशात इतकी सरकारं आली आणि गेली, पण त्यांतल्या एकानं तरी जनतेची माफी मागितली असेल, तर ती फक्त आमच्या भाटव्यांच्या तोंडून. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिहोऱ्याकडचे साधे धानकरी. ना कधी गळ्यात पक्षाचा दुपट्टा घातला, ना सरपंचकीला उभे राहिले. पण त्यांचं एक विलक्षण दुर्दैव होतं. ते ज्याला मत देत, तो निवडून येई. कधी या पक्षाचा, कधी त्या पक्षाचा, पण येई म्हणजे येईच. दुसरा एखादा मिशीला पीळ देत गावभर सांगत सुटला असता. भाटवे मात्र गुलालाची मिरवणूक दारावरून जायला लागली की आत जाऊन बसत. "आता पाच वर्सं जे होईल ते आपल्या माथी," म्हणत. आणि खरोखरच सगळं माथी घेत.

कांदा महागला की ते आठवडी बाजारात खाली मान घालून शिरत. एकदा मी सोबत होतो, हे माझं नशीब. कांद्याच्या ढिगाशी एक म्हातारी भाव ऐकून हात आखडता घेत होती. भाटव्यांनी पिशवी काखेत धरली आणि तिच्यापुढे हात जोडले. "माफ करजा माय, मत माहं होतं." म्हातारीला वाटलं, सकाळीच घेऊन आलाय. ती पदर सावरून दूर सरकली. अख्खा बाजार आमच्याकडे बघत होता, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पुढे कांदा कोसळला, तेव्हा म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. कुठचं काय! आता भाटवे कांदेवाल्यापुढे हात जोडून उभे. मी म्हटलं, "अहो भाऊजी, स्वस्त झाला तर आनंदाची गोष्ट आहे ना?" तर म्हणाले, "खानाऱ्याची आहे जी. पिकवनाऱ्याची?" अशा हिशेबानं कांद्याला असा एकही भाव उरला नाही, की ज्यात या माणसाला बाजार सुखानं करता यावा.

नोटा बंद झाल्या तेव्हा यांच्याकडे बदलायला धड नोटाही नव्हत्या. तरी हे रोज बँकेसमोरच्या रांगेत, हातात घागर घेऊन, उन्हात उभ्या माणसांना पाणी पाजत. ताई फणफणायची, "नोटा बंद केल्या दिल्लीनं, अन् पानी भरून राहिला माहा नवरा!" एका वर्षी सरकारी धान खरेदी केंद्रावर रिकामी पोती संपली. भाटव्यांनी घरातली पोती काढली, ती संपल्यावर ताईच्या गोधड्या ज्या पोत्यांत बांधून ठेवल्या होत्या तीही उलटी केली, आणि बैलगाडीत घालून नेऊन दिली. त्या हिवाळ्यात मी मुक्कामाला गेलो तर उंदरांनी कुरतडलेली गोधडी वाट्याला आली. सरकारची अब्रू राखायची म्हणजे घरच्यांना थोडं सोसावं लागतंच.

गेल्या निवडणुकीत मात्र गावाचे सरळ दोन तुकडे झाले. एक बाजू म्हणे, बायांच्या हातात दर महिन्याला पैसा द्या, बाजार आपोआप चालतो. दुसरी म्हणे, फुकट कायले, धानाला भाव द्या, म्हणजे कोणाला मागावं लागणार नाही. वाद इतका पेटला की एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या टपरीवर पानसुद्धा खाईना, आणि सख्खे शेजारी एकमेकांच्या घरी मयताच्या चौदावीच्या पंगतीत बसेनात. मीही कमी नव्हतो. भंडाऱ्याहून गेलो की टीव्हीवर ऐकलेले आकडे ताईच्या ओसरीवर बसून दणादण फेकायचो. विरोधकांना वाटलं, हा माफीवाला आपल्या कामाचा. त्यांनी भाटव्यांना सभेत मंचावर चढवलं. भाटव्यांनी माइक धरून चालू सरकारबद्दल माफी मागितली. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या ओसरल्यावर ते शांतपणे म्हणाले, "त्याच्या आधी तुमचं सरकार होतं, तवाही मत माहंच होतं. त्याचीही माफी करजा." माइक बंद झाला तरी त्यांचे हात जोडलेलेच होते. पहिल्या रांगेत बसलेला मी रुमालात तोंड खुपसून शिंकल्याचं सोंग करत राहिलो.

त्यानंतर दोन्ही बाजूंनी त्यांना वाळीत टाकल्यागत केलं. एका संध्याकाळी तलावाच्या पाळीवर बसलो असताना ते म्हणाले, "भाऊ, थकलो मी. मले एक डाव मान वर करून बाजारातून चालाचं आहे. बस, दुसरं काही नाही." मी म्हटलं, "मग मत देऊच नका." "वा जी! मत नाही टाकलं तर सगळ्यायचीच लाज माह्यावर." मग त्यांनीच तोड काढली. जो नक्की पडणार, त्याला मत द्यायचं. चौकशी करकरून त्यांनी एक असा अपक्ष शोधला, ज्याच्या सभेला त्याचे साडूसुद्धा जात नव्हते. आणि या खेपेला देव पावला. अपक्ष साफ आपटला. गुलाल दारावरून गेला तेव्हा भाटवे ओट्यावर उभे राहून पाहत होते. पुढच्या बाजाराला इस्त्रीचा सदरा घालून, छाती काढून निघाले. कांद्याचा भाव मोठ्यानं विचारला आणि घासाघीसही केली! घरी येऊन ताईला म्हणाले, "आज मोकळं वाटून राहिलं."

मग धान निघाला. केंद्रावर खरेदी अडली, धानाचे ढीग उघड्यावर पडले, आणि त्यात अवकाळी पाऊस आला. भाटव्यांचाही धान तिथंच होता, म्हणून मी त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो. एक बाई ओला धान हातानं पसरत होती. खालच्या थराला कोंब फुटले होते. तिनं भाटव्यांना ओळखलं. "काहून जी भाऊ, यंदा माफी मागाले नाही आले?"

भाटवे मान वर ठेवूनच म्हणाले, "यंदा मत माहं नव्हतं, बाई."

"मंग कोनाचं होतं जी?"

तिनं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. गुलाल खेळलेले सगळे तिथं हजर होते. एकानं मोबाइल कानाला लावला, दुसरा ट्रॅक्टरचं चाक दाबून बघू लागला. मी जिंकणाऱ्यालाच मत दिलं होतं, आणि आकड्यांसकट सगळ्यांना पटवलं होतं. मी आभाळाकडे पाहत म्हणालो, "अजून येणार वाटतं." भाटव्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग त्यांची मान हळूहळू खाली गेली.

"माहंच समजा, बाई," ते हात जोडून म्हणाले. "माफ करजा." आणि उकिडवे बसून तिच्यासोबत धान पसरू लागले.

परतताना ते खाली मान घालून गाडी चालवत होते, आणि आता ती मान पुन्हा वर व्हायची नाही, हे मला मागून दिसत होतं. मत माझं होतं, एवढंच मला म्हणायचं होतं. घरापर्यंतचा सगळा रस्ता मोकळा होता, ऐकायला आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं, तरी ते काही माझ्या तोंडून निघालं नाही.