चर्चच्या फळ्यावरची नऊ अंकी संख्या

नगरच्या आमच्या चर्चमध्ये व्यासपीठाच्या बाजूला एक लाकडी फळा आहे. त्या दिवशीच्या उपासनेत म्हणायच्या तीन गीतांचे क्रमांक त्यावर लावलेले असतात. बाकीची मंडळी ते बघून गीतपुस्तक उघडतात. माझे पप्पा गणिताचे मास्तर. ते तिन्ही क्रमांक शेजारी शेजारी ठेवून मनातल्या मनात एक नऊ अंकी संख्या करायचे आणि उपदेश संपेपर्यंत तिचा फडशा पाडायचे.

त्यांची युक्ती मला अजूनही जादूच वाटते. पहिल्या क्रमांकात तिसरा मिळवायचा, मधला वजा करायचा. उरलेल्या छोट्या संख्येला सात, अकरा किंवा तेराने भाग गेला, तर अख्ख्या नऊ अंकी संख्येलाही जातो. "सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार एक हजार एक. हजाराला खेटून बसलाय, म्हणून हे जमतं," असं सांगताना घरात पुरणपोळी असल्यासारखे ते खुलायचे. कोटींच्या घरातली संख्या, पण पप्पांपुढे तिची डाळ शिजायची नाही.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना काही समजतंय की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. हळूहळू लोक त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलू लागले. आई घास भरवताना तान्ह्या मुलाशी बोलावं तशी बोलायची, आणि मला ते ऐकवत नसे. माझे पप्पा आत आहेत की गेले, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

चाकाच्या खुर्चीवरून त्यांना पहिल्यांदा उपासनेला नेलं, त्या रविवारी फळ्यावर ११८, २६३ आणि २३६ होते. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"पप्पा, आज अकरा कोटी ब्याऐंशी लाख त्रेसष्ट हजार दोनशे छत्तीस. हिशोब केला, उरले एक्याण्णव. ती तर मूळ संख्या. सातानं नाही, अकरानं नाही, तेरानंही नाही. आज तुमची युक्ती फुकट."

मला खरंच तसं वाटत होतं. एक्याण्णव दिसतेच तशी, कुणाला दाद न देणारी.

पप्पांच्या कपाळावर आठी पडली. डावा हात मांडीवरून सावकाश उचलला गेला. पाच बोटं, मग दोन. थोडं थांबून पुन्हा पाच, पुन्हा पाच, मग तीन.

"तेरा सत्ते एक्याण्णव!" मी भर उपदेशात ओरडले. पाळकसाहेब बोलायचे थांबले. पप्पा वर्गातल्या मठ्ठ पोरांकडे बघायचे तसं माझ्याकडे बघत होते. नापास झाल्याचा इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता. आईनं सगळं पाहिलं होतं. ती पदरानं डोळे पुसत राहिली.

बाहेर पडताना नेवाशाकडचे एक ओळखीचे शेतकरी भेटले.

"आता कसं हाय सरांचं, बाई?" त्यांनी आईला विचारलं.

आईनं खुर्ची वळवून त्यांच्यासमोर आणली.

"त्यांना विचारा की," ती म्हणाली. "समोरच बसलेत."