सूर्याचे किरण आणि बाबांचा फोटो

मी दारव्ह्याला एका दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर पेशंट माझं मुकाट्यानं ऐकतात. ऐकत नाही तो एकच माणूस, माझा बाप. दिवाळीपासून असे खोकत होते, की शेजारच्या बोरी अरब गावच्या बाजारात ऐकू जावं. डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितला, तर म्हणतात, "आंगात किरणं घुसवाले मी काय येडा आहो?"

माझं डोकंच सटकलं. "अन् दिवसभर तुरीत, उन्हात असता तवा? सूर्यावरही एक्स-रे निंगतात!"

"त्याले कोनं दवाखाना काढून देल्ला?"

मग काय, बसले समजवायला. सूर्यावर चुंबकाच्या जोराच्या रेषा असतात. चऱ्हाटासारख्या पिळत जातात, पीळ अती झाला की तुटतात, दुसरीकडे जुळतात आणि साठलेला जोर एकदम सुटतो. ती सौरज्वाला. त्या जोरानं इलेक्ट्रॉन गोफणीतल्या गोट्यासारखे सुटतात, खालच्या दाट वायूवर आदळतात, करकचून ब्रेक लागतो आणि त्यांच्या वेगातला थोडा जोर एक्स-रे होऊन बाहेर पडतो. माझ्या मशीनमध्येही तेच. विजेच्या दाबानं इलेक्ट्रॉन पळवायचे आणि धातूवर आपटायचे.

"मंग आपन भाजून काहून नाई राह्यलो?"

"वरची हवा ते किरणं अडवते. खाली येऊच देत नाई."

"म्हंजे सूर्याचे पोचत नाई, तुये पोचतात. मंग सूर्यच बरा!"

घ्या! माझ्याच हातानं माझ्या पायावर धोंडा. आई पदरात तोंड खुपसून हसत होती.

"बसा मंग खोकत!" म्हणून मी उठले. तेव्हा मागून हळूच आवाज आला, "किरणाले कोन भेते वं? फोटोत काई निंगलं त?"

काका असेच खोकत गेले होते. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

"मीच काढीन, बाबा. मीच पाहीन पयले."

दुसऱ्या दिवशी त्यांना आतल्या खोलीत मशीनला छाती टेकवून उभं केलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "श्वास भरा. रोखून धरा." बटण दाबलं. पडद्यावर दोन्ही फुफ्फुसं उमटली, स्वच्छ, कुठे डाग नाही. मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले, वेड्यासारखी.

आतून धपाधप थापा ऐकू आल्या. धावत गेले, तर बाबा गाल फुगवून, लालबुंद होऊन तसेच उभे.

"सोडा नं श्वास!"

त्यांनी भसकन सोडला, खोकले, आणि माझ्या ओल्या डोळ्यांकडे पाहत म्हणाले, "तू सोडा म्हनलीच नाई, बाई. मले वाटलं, दिसलं काई तरी."